गुनाह आणि गुन्हा

मुदखेडला आमच्या घरात दखनी बोलली जायची आणि दाराबाहेर मराठी. लहानपणी कोणीतरी सांगत आलं, अमक्यावर गुन्हा दाखल झाला. नानी दचकली. तिच्या समजुतीप्रमाणे गुनाह लिहायचं काम खांद्यावरच्या फरिश्त्यांचं. ते ठाण्यातल्या जमादाराकडे कधी गेलं? आम्ही पोरं हसलो. पण नानीनं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

शब्द मूळचा एकच, फारसी 'गुनाह'. फारसीत त्यात पापही येतं आणि अपराधही. इंग्रजीसारखे 'सिन' वेगळं आणि 'क्राइम' वेगळं, असे दोन कप्पे त्यात नाहीत. दरबारी फारसीतून तो मराठीत आला, तेव्हा कीर्तनात आणि घराघरांत 'पाप' आधीच बसलेलं होतं. ते काही उठलं नाही, म्हणून गुन्हा कचेरीत गेला. पेशवाईत तर वाद हरलेल्याकडून घ्यायच्या दंडालाच 'गुन्हेगारी' म्हणत. जिंकलेल्यानं भरायची ती 'हरकी'. म्हणजे जिंकलं तरी पैसे द्यायचेच!

उर्दूत उलटं झालं. कचेरीसाठी अरबीतला 'जुर्म' होता, त्यामुळे गुनाह अल्लाह आणि बंदा यांच्यातच राहिला. अर्थात ही वाटणी काटेकोर नाही, 'बेगुनाह' तिकडेही कोर्टात चालतो. १९४८ पर्यंत मराठवाड्यातल्या कचेऱ्या निजामाच्या उर्दूत चालल्या. नानीच्या पिढीच्या कानात ठाण्याचा शब्द म्हणून जुर्मच बसलेला होता.

मला जास्त टोचतो तो पुढचा शब्द. उर्दूत 'गुनहगार' माणूस बहुधा स्वतःला म्हणतो, दुआ मागताना, मान खाली घालून. नानी रोज म्हणायची. तिनं कुणाची सुईसुद्धा घेतली नसेल. मराठीत 'गुन्हेगार' म्हणायचं ते दुसऱ्याला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायची सोय केली आणि मराठीत 'गुन्हेगार जमाती' हा शब्द रुळला. पारधी, कैकाडी त्यात आले. पाळण्यातल्या पोराच्या नावावर ना पाप, ना जुर्म, तरी तो गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे लोक कागदावर विमुक्त झाले. गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी जायची सवय मात्र त्या तारखेनंतरही राहिली.

कायद्याच्या मराठी पुस्तकात 'अपराध' छापलेलं असतं. ठाण्याच्या नोंदवहीत गुन्हाच चढतो.