पल्स डायलर

पुश-बटण टेलिफोनवर दाबलेल्या अंकांचे, तबकडीच्या फोनसारख्या विद्युत स्पंदांत रूपांतर करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल. बेल कंपनीने १९६३ मध्ये अमेरिकेत स्वरांवर चालणारी बटणे आणली. पण जगभरची असंख्य जुनी, यांत्रिक स्ट्राउजर पद्धतीची एक्स्चेंजे फक्त स्पंदच ओळखत. नवे बटण आणि जुने एक्स्चेंज यांची गाठ या मंडलाने घातली.

फोन उचलला की लाइनमधून प्रवाह वाहू लागतो. डायलर तो ठरावीक वेळा तोडतो: १ साठी एकदा, ५ साठी पाचदा आणि भारतासह बहुतेक देशांत ० साठी दहादा. वेग सेकंदाला साधारण १० स्पंद. दोन अंकांमध्ये सुमारे ०.८ सेकंदाचा विराम लागतो, नाहीतर एक्स्चेंजला अंक वेगळे कळत नाहीत. १०० हा पोलिसांचा क्रमांक बोटे सेकंदभरात दाबतात. लाइनवर त्याला जवळपास पावणेचार सेकंद लागतात.

म्हणूनच मंडलाचा खरा प्राण त्याची स्मृती. घाईने दाबलेले अंक ती साठवते आणि क्रमाने सोडते. तोच साठा पुन्हा वापरून ‘रीडायल’ची सोय मिळाली, आणि एंगेज क्रमांक पुनःपुन्हा फिरवणाऱ्यांसाठी ती मोठीच होती.

मोटोरोलाच्या एमसी१४४०८ सारख्या सीमॉस चिप अत्यल्प विजेवर चालत. प्रवाह ट्रान्झिस्टर तोडी. ‘म्यूट’ जोडणी स्पंदांची कानातली टकटक थांबवी. पुढे अनेक फोनांवर टोन-पल्स निवडीचे छोटे बटण आले.