‘नावे बदलली आहेत’: एका पाटीची कुळकथा

गुन्ह्यांवरच्या मालिकेचा भाग सुरू होण्याआधी पडद्यावर एक पाटी येते. घटना सत्य आहे, व्यक्तींची आणि ठिकाणांची नावे बदलली आहेत, काही प्रसंग कल्पनेने रचले आहेत, असा तिचा मजकूर असतो. ती वाचून होण्याआधीच जाते आणि आपणही ती वाचत नाही. पण गोष्टीतला बळी लहान मूल असेल, तर या दोन ओळींवर मोठं ओझं असतं. मूल जिवंत असेल तर त्याला उद्या शाळेत जायचं आहे, पुढे नोकरी, लग्न, संसार करायचा आहे. मूल गेलं असेल तर आईबापांना त्याच घरात राहायचं आहे. त्या सगळ्यांचा आडोसा म्हणजे ही पाटी. ती आली कुठून आणि आडोसा खरंच देते का, याचा शोध घेतला की तिची तीन घराणी सापडतात.

पहिलं घराणं सिनेमाचं. 1932 साली एमजीएम कंपनीने रास्पुतिनवर चित्रपट काढला. त्यातल्या एका राजकन्येच्या पात्रात रशियाच्या झारची भाची इरिना युसुपोव हिला स्वतःची बदनामी दिसली. तिने लंडनमध्ये दावा लावला आणि 1934 मध्ये तिला 25,000 पौंडांची भरपाई मिळाली. त्यानंतर ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत, साम्य आढळल्यास निव्वळ योगायोग’ हे वाक्य चित्रपटांच्या कपाळी बसलं. हे वाक्य निर्मात्याच्या तिजोरीचं रक्षण करण्यासाठी जन्मलं, एवढं इथे लक्षात ठेवायचं.

दुसरं घराणं नभोवाणीचं. जून 1949 मध्ये अमेरिकेत ‘ड्रॅगनेट’ ही मालिका रेडिओवर सुरू झाली आणि पुढे ती दूरचित्रवाणीवर आली. लॉस एंजलिसच्या पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर जॅक वेब ती करत असे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला निवेदक सांगे की गोष्ट खरी आहे, निरपराधांना झळ बसू नये म्हणून फक्त नावं बदलली आहेत. आपल्याकडच्या पाटीची ही सख्खी आजी. नाव लपवण्याचं आश्वासन आणि ‘हे खरं आहे बरं का’ ही जाहिरात तिने एकाच दमात म्हटली, आणि तो जोडस्वर आजतागायत सुटलेला नाही.

तिसरं घराणं कायद्याचं, आणि त्याचं मूळ विदर्भात आहे. मार्च 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. मुलीचं वय 14 ते 16 च्या दरम्यान. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये आरोपींना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये त्यांना दोषी धरलं, आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नसावा, असा तिथला युक्तिवाद होता. वर्षभराने उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. 1980 मध्ये मुंबई-दिल्लीत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्या रेट्यातून 1983 ची दुरुस्ती झाली आणि भारतीय दंड संहितेत 228-अ हे कलम आलं. बलात्कारपीडितेची ओळख छापणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. आज भारतीय न्याय संहितेत ते 72 वं कलम आहे.

न्यायालयाच्या दप्तरात तो खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून नोंदला आहे. लोकांनी मात्र तो त्या मुलीच्या नावाने ओळखला, अजूनही ओळखतात. ओळख झाकणारं कलम जिच्यामुळे आलं, तिलाच त्या कलमाचा आडोसा मिळाला नाही. तिचं नाव मी इथे लिहीत नाही.

मुलांसाठीची तरतूद वेगळ्या वाटेने आली. 1960 च्या केंद्रीय बालक कायद्यात आणि 1986 च्या बाल न्याय कायद्यात ज्या मुलाची चौकशी चालू आहे त्याचं नाव छापायला बंदी होती, पण दंड होता जेमतेम 1,000 रुपये. 2006 मध्ये तो 25,000 झाला. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमात सहा महिने कैद किंवा दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली आणि गुन्ह्याचा बळी किंवा साक्षीदार असलेलं मूलही त्यात स्पष्टपणे धरलं गेलं. त्याआधी 14 नोव्हेंबर 2012 ला, बालदिनीच, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा अमलात आला होता. त्याचं 23 वं कलम मला सगळ्यांत शहाणं वाटतं. मुलाची ओळख म्हणजे केवळ नाव, असं ते मानत नाही. पत्ता, छायाचित्र, घरच्यांचा तपशील, शाळा, शेजार, आणि ज्यावरून मूल ओळखू येईल अशी कुठलीही गोष्ट, हे सगळं ओळखीतच मोडतं.

आपल्या दूरचित्रवाणीवर ही घराणी एकत्र आली ती 1998 नंतर. बी. पी. सिंह आणि शिवाजी साटम यांनी त्याआधी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती. जानेवारी 1998 मध्ये सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली. ती कल्पित कथांची मालिका, म्हणून तिची पाटी युसुपोव घराण्यातली. त्याच वर्षी झीवर ‘इंडियाज मोस्ट वॉन्टेड’ आली. तिचं कामच उलटं होतं, फरार आरोपीचा चेहरा घरोघरी दाखवायचा. 2003 मध्ये ‘क्राइम पेट्रोल’ आली, खऱ्या गुन्ह्यांची नाट्यरूपं घेऊन, आणि तिच्याबरोबर ‘ड्रॅगनेट’ची पाटी हिंदीत उतरली.

सुरतेत ‘सीआयडी’ आणि ‘क्राइम पेट्रोल’ मराठी घरांतूनही पाहिल्या जातात. लिंबायत, उधना, डिंडोलीच्या वस्त्यांत धुळे-जळगाव-नंदुरबारची माणसं भरपूर आहेत. घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी-गुजराती, आणि महापालिकेची मराठी शाळाही जवळ. बाप लूमवर किंवा डाइंग मिलमध्ये, आई घरी साड्यांवर टिकल्या लावते, नाहीतर तीही कामावर जाते. मुलं दिवसभर एकमेकांच्या आणि शेजाऱ्यांच्या भरवशावर. अशा घरात लहान मुलाच्या अपहरणाचा भाग लागला की कोणी वाहिनी बदलत नाही. त्यात करमणुकीपेक्षा धास्ती जास्त असते, आणि ती खोटी नाही.

एप्रिल 2018 मध्ये सुरतेच्या एका औद्योगिक भागात साधारण 11 वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडला. अंगावर 86 जखमा. ती कोण, कुणाची, काहीच कळेना, कारण कोणीही ती हरवल्याची तक्रार केली नव्हती. आता नियम काय करणार? नाव लपवायचं तर नाव हाती हवं. पोलिसांनी तिचा फोटो लोकांपुढे ठेवला आणि ही मुलगी कोणाची, असं शहराला विचारलं. मला यात काही गैर वाटत नाही. कायद्यातच तशी फट ठेवली आहे. मुलाच्या हिताचं असेल तर योग्य त्या अधिकाऱ्याच्या किंवा न्यायालयाच्या लेखी परवानगीने ओळख उघड करता येते. अनोळखी मेलेल्या मुलीचं हित तिला तिचं नाव परत मिळण्यात असतं. अखेर सीसीटीव्हीत दिसलेल्या मोटारीवरून तपास राजस्थानपर्यंत पोहोचला, तेव्हा कळलं की तिची हरवल्याची तक्रार करायला आईही उरली नव्हती. तिचाही खून झाला होता. 2022 मध्ये सुरतच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली.

पण ओळख पटली त्या दिवशी फोटोचं काम संपलं होतं. त्यानंतर तो मागे घ्यायला हवा होता, आणि तसा फोटो मागे घेण्याची सोय आपल्याकडे कुठेच नाही. तो मोबाइलमध्ये राहतो आणि दरवर्षी नव्या संतापाबरोबर पुन्हा वर येतो. त्याच एप्रिलमध्ये जम्मूत अत्याचाराला बळी पडलेल्या आठ वर्षांच्या मुलीचं नाव आणि चेहरा देशभर फिरला. तिथे तर ओळख पटवण्याचीही गरज नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले. त्या वर्षीच्या 11 डिसेंबरला निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मृत पीडितेलाही सन्मान असतो. तिचं नाव आंदोलनासाठी वापरायचं असलं तरी नातेवाइकांची संमती पुरत नाही, सत्र न्यायाधीशांची परवानगी लागते.

हा निकाल वाचून मालिकांकडे पाहिलं की पाटीचा कच्चेपणा डोळ्यांत खुपतो. गुन्हा ताजा असतानाच त्यावर भाग निघतो. शहराचं नाव बदललेलं असतं, पण गल्ली तशीच, बापाचा धंदा तोच, सणाचा दिवस तोच, मुलीच्या अंगावर बातमीतल्या फोटोसारखाच फ्रॉक. सुरतेतल्या दाट वस्तीत एका जिन्यावर आठ बिऱ्हाडं असतात. तिथल्या कोणालाही ही गोष्ट कोणाच्या घरची हे ओळखायला नावाची गरज पडत नाही. पॉक्सोचं कलम शेजारापर्यंत पोहोचलं, पाटी मात्र अजून 1949 सालच्या नावापाशीच थांबली आहे. म्हणून सुरतेत ती मुलगी जिथे सापडली त्या भागाचंही नाव मी इथे घेतलेलं नाही.

दुसरी खोट पाहण्याच्या दिशेची. असे भाग मुलाच्या भीतीवर रेंगाळतात. तोंड दाबणारा हात, अंधारी खोली, रडणं, आणि शेवटी आईचा हंबरडा. ज्यावर रेंगाळायला हवं ते सुटून जातं. पॉक्सोप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेश न घालता. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेला पडू द्यायचा नाही. मुलाची साक्ष 30 दिवसांत नोंदवायची आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवायचा. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे आणि नाट्यालाही त्यात भरपूर जागा आहे. लिंबायतच्या एखाद्या आईवर तशी वेळ आलीच, तर पोलीस ठाण्यात कशाचा हट्ट धरायचा हे तिला अशा भागातून कळेल. हंबरड्यातून तिला काहीच कळत नाही.

आणि ज्या मुलीला बळी मुलीची भूमिका करायला लावतात, तिचं काय? 2017 च्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, कमाईतले किमान 20 टक्के तिच्या नावाने मुदत ठेवीत टाकावे लागतात आणि तिच्या इच्छेविरुद्ध कामच करून घेता येत नाही. पण किंचाळण्याचा प्रसंग किती वेळा चित्रित करायचा, हे कुठल्याच नियमात नाही. ते दिग्दर्शकाच्या मनावर आहे, आणि तिथे मला कठोर बंधन हवं आहे. मुलावरचा अत्याचार मुलाकडून अभिनयाने करवून घेऊच नये. दाराबाहेरचा माणूस, रिकामी खोली, तपासणाऱ्या डॉक्टर बाईंचा चेहरा एवढ्यावर प्रेक्षकाला सगळं समजतं.

पुढच्या वेळी ही पाटी आली की वाचा, आणि मग भाग पाहताना त्या घराला ओळखणाऱ्या शेजाऱ्याच्या नजरेने पाहा. मूल ओळखू येत असेल तर वाहिनीकडे लेखी तक्रार करा. केबल टीव्हीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे वाहिनीने 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, त्याने समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियामक मंडळाकडे जाता येतं. आणि त्या भागाची क्लिप किंवा त्या मुलाचा फोटो तुमच्या मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नका, पुसून टाका.