पुण्याची खडशी, कावेरीचा गळ

आजचा धागा एका माशाचा. कथा पुण्यात सुरू होते, धरणांच्या तलावांतून जाते आणि कावेरीत पोहोचते.

दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम साइक्सने १८३९ मध्ये मुळा-मुठेतील एका मोठ्या खवल्यांच्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव दिले ‘खुद्री’. आपली खडशी ती हीच. हे महाशीरांचे कुळ. गळाला लागताच दोरी ओढत प्रवाहात सुसाट धावणाऱ्या या माशांचे हौशी इंग्रज मच्छीमारांना विलक्षण वेड होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टाटांनी विजेसाठी वळवण, ठोकरवाडी, मुळशी ही धरणे बांधली. बुडालेली गावे आणि १९२१ चा मुळशी सत्याग्रह आपण जाणतो. मात्र पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालणाऱ्या खडशीची वाटही अशा भिंतींनीच अडवली, हे क्वचितच कोणी सांगते.

१९७० च्या सुमारास टाटांच्याच वीज कंपनीने लोणावळ्यात, वळवण तलावाकाठी, उपाय आरंभला. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली मादीची अंडी हाताने हलकेच दाबून काढली जात, नराच्या वीर्याने फलित केली जात आणि पिल्ले वाढवून तलावांत सोडली जात. पुढे लक्षावधी पिल्ले देशभर गेली. काम निःसंशय मोठे होते. पण पिल्ले मोजली गेली, नदी कोणाची हे विचारले गेले नाही.

कारण ती कावेरीतही सोडली गेली, मुख्यत्वे गळाच्या हौसेसाठी. तिथे मूळचा रहिवासी होता कुबड्या महाशीर. १९४६ मध्ये याच खोऱ्यात तब्बल १२० पौंडांचा महाशीर गळाला लागला होता! गलिबोरेच्या मासेमारी तळावर पकडलेला मासा नोंदवून पुन्हा सोडत. १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदींत खडशी वाढत गेली, कुबड्या जवळजवळ नाहीसा झाला. वाळूउपसा, सुरुंग आणि धरणे यांचाही दोष आहेच. तरी हा पुरावा हौशी मच्छीमारांच्याच वह्यांत सापडावा, हा विलक्षण योग!

साइक्सने खडशीला नाव दिल्याला पावणेदोनशे वर्षे उलटून गेल्यावर, २०१८ मध्ये, कुबड्याची शास्त्रीय ओळख ‘टोर रेमादेवी’ अशी ठरली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.