जोड आणि तोड

विजयी मल्लांची नावे इतिहास जपून ठेवतो. परंतु प्रत्येक कुस्तीपूर्वी आणखी एक झुंज होऊन गेलेली असते, तिची नोंद कोणी ठेवीत नाही. ती झुंज प्रेक्षकांच्या जिभांची असते. अमका तमक्याला झेपेल काय? उंची भारी की चपळाई? बळ श्रेष्ठ की अभ्यास? आपल्या भाषेने या वादासाठी दोन नेमके शब्द घडविले आहेत : जोड आणि तोड. कोणी कोणाशी लढावे, ही जोड. आणि समोरच्याच्या डावावर आपला उपाय कोणता, ही तोड. या दोन शब्दांचा प्रवास आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे. तो तांबड्या मातीत सुरू होतो आणि विजेच्या पडद्यावर येऊन पोहोचतो.

या वादाचा एक अत्यंत जुना आणि सुंदर नमुना महाभारताच्या शल्यपर्वात आहे. भीम आणि दुर्योधन गदायुद्धास उभे राहिले असता अर्जुन श्रीकृष्णास विचारतो, या दोघांत श्रेष्ठ कोण? श्रीकृष्णाचे उत्तर एखाद्या मुरलेल्या वस्तादाला शोभावे असे आहे. दोघांचे शिक्षण सारखे. भीमाचे बळ अधिक. परंतु दुर्योधनाचा सराव अधिक. सरळ नियमाने लढल्यास भीमाची धडगत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. येथे 'कोण मोठा' एवढ्यावर उत्तर थांबत नाही. शिक्षण, शक्ती व अभ्यास असे तीन निरनिराळे तराजू लावून जोड तोलली गेली आहे.

बायबलमधील दावीद आणि गल्याथ यांची कथाही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. ती दुबळ्याने बलाढ्यावर मिळविलेल्या विजयाची कथा म्हणून आपण मुलांना सांगतो. परंतु शौल राजाने देऊ केलेले चिलखत दाविदाने उतरवून ठेवले, हा तिचा खरा मर्मबिंदू होय. चिलखत घालून तो भाल्याच्या टप्प्यात गेला असता तर गल्याथाच्या मैदानावर गल्याथाशीच लढला असता. त्याने गोफण घेतली आणि अंतर राखले. श्रद्धा तर त्याच्यापाशी होतीच. पण तोडही होती.

पुढे राजदरबारांनी या वादाला शास्त्राचे रूप दिले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून मल्लांची वर्गवारी त्यात आढळते. म्हणजे जोड बरोबरीची असावी, हा विचार आठशे वर्षांहून जुना आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. आमच्या माळव्यात होळकरांनीही कुस्तीला आश्रय दिला, आणि दक्षिणेतून आलेल्या मराठी कुटुंबांनी इंदुरात आखाड्याची भाषा जिवंत ठेवली. जत्रेच्या हगाम्यात आजही पंच दोन पोरे समोरासमोर उभी करतात, खांदे आणि मांड्या नजरेने जोखतात आणि कुस्ती नेमतात. जोड विजोड वाटली तर भोवतालची गर्दी गप्प बसत नाही.

आंतरराष्ट्रीय कुस्तीने ही जोखणी काट्यावर नेली. वजनाचे गट पडले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सर्वांत हलक्या गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यावरच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगट नसते, तर त्या लहानखुऱ्या देहातील विद्या जगाला दिसली असती काय?

आता पडद्याकडे वळू. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर दोन' हा खेळ बाजारात आणला. खेळणाऱ्याने आठांपैकी एक योद्धा निवडावयाचा आणि कळी दाबून त्याला लढवावयाचे. या आठांत धालसिम नावाचा एक भारतीय योगी आहे. त्याचे हातपाय रबरासारखे लांबतात आणि तो मुखातून अग्नी फेकतो. आपल्या देशाचे हे चित्र पाहून हसावे की रागवावे, हे ज्याने त्याने ठरवावे! त्याच खेळात झांगीफ नावाचा रशियन पहिलवान आहे. तो हाती सापडलेल्यास उचलून आपटतो. परंतु त्यासाठी त्याला जवळ यावे लागते. योगी त्याला दूर ठेवू पाहतो, पहिलवान अंगाला भिडू पाहतो. गोफण आणि भाला यांचाच हा सामना, नव्या वेषात.

मात्र एक गोष्ट नवी होती. मातीतला मल्ल रोज बदलतो; तो आजारी पडतो, नवा डाव शिकतो, म्हातारा होतो. पडद्यावरचा योद्धा मात्र सर्वांच्या हाती अगदी सारखाच येतो. त्यामुळे जोडीचा वाद प्रथमच अंकांत मांडता येऊ लागला. तुल्यबळ खेळाडूंनी दहा डाव खेळल्यास या योद्ध्याचे सात व त्याचे तीन, अशी प्रमाणे ठरू लागली. जपानमध्ये अशा तक्त्याला 'डायग्राम' हे नाव पडले. आठ योद्ध्यांच्या अठ्ठावीस जोड्या होतात; योद्धे पन्नास झाले की जोड्या १२२५ होतात. त्यांतील एकेका जोडीवर तरुण मंडळी रात्री जागवितात. सिमरोलच्या परिसरात आज भारतीय तंत्रज्ञान संस्थेची वसतिगृहे उभी आहेत. तेथे कोठे असा वाद रंगला, तर हगाम्यातील म्हाताऱ्यांना त्यातील शब्द कळणार नाहीत, पण तळमळ नक्की ओळखू येईल.

परंतु हा अंक नेमके काय सांगतो? दोघे खेळाडू सारखेच तयार असतील तर पुष्कळ डावांच्या शेवटी काय घडेल, एवढेच तो सांगतो. आजच्या या एका डावाविषयी तो मुका असतो. २००४ साली अमेरिकेतील 'इव्हो' स्पर्धेत जपानचा दाइगो उमेहारा हा जस्टिन वाँगशी खेळत होता. वाँगने निवडलेली चुन-ली ही त्या खेळातील अत्यंत बलवान पात्रांत गणली जाते. दाइगोच्या योद्ध्याच्या अंगी प्राण नावापुरता उरला होता. कोणताही विशेष प्रहार नुसता अडविला असता तरी तो कोसळला असता. चुन-लीच्या अखेरच्या अस्त्राचे एकामागून एक पंधरा आघात त्याने क्षणाचीही चूक न करता परतविले आणि तो डाव जिंकला. त्या स्पर्धेचे अजिंक्यपद त्याला मिळाले नाही. पण तो डाव अजून स्मरणात आहे.

मातीचा दाखला तर याहून बोलका आहे. १९१० साली लंडनला गामा पहिलवान आणि पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक काळ चालली. झ्बिस्को बहुतेक वेळ गादीला चिकटून राहिला आणि निकाल लागला नाही. हीच जोड १९२८ साली पतियाळास पुन्हा लागली, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. माणसे तीच, दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मात्र गादीच्या जागी माती आली होती, आणि मधली अठरा वर्षे दोघांनी सारखी घालविली नव्हती. कोणता तक्ता हे आधी सांगू शकला असता?

हा प्रश्न केवळ खेळापुरता असता तर मी श्रोत्यांचा वेळ घेतला नसता. शाळेत शिकविणाऱ्यास अंकांची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. सात-तीन हे प्रमाण शिकलेला मुलगा हरल्यावर म्हणतो, "जोडच वाईट होती." हेच वाक्य मी गणिताच्या तासाला ऐकतो, आणि बापाच्या धंद्यावरून, घरच्या बोलीवरून, जन्माच्या जातीवरून माणसे मोजणाऱ्या मोठ्यांच्या तोंडीही ऐकतो. प्रतिकूल जोड खोटी नसते. ती नाकारणे हा भाबडेपणा होईल. वजनाचे गट पाडावे लागले ते याचसाठी, आणि समाजातही दुर्बलासाठी न्यायाचा काटा लागतोच. पण तो काटा लावणे हे पंचाचे काम झाले. आखाड्यात उतरलेल्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : याला तोड काय?

२०२३ साली चीनमधील हांगझौ येथे आशियाई क्रीडास्पर्धांत 'स्ट्रीट फायटर' हा पदकाचा खेळ म्हणून खेळला गेला. भारताचे खेळाडूही त्यात उतरले होते. सुवर्णपदक पटकावले ते दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने. त्याचे वय चव्वेचाळीस होते, आणि ज्या खेळात बोटांची चपळाई हेच सर्वस्व समजले जाते, त्या खेळात अंतिम फेरी त्याने चार विरुद्ध तीन अशी जिंकली. वयाचा तक्ता मांडून बसणाऱ्यांनी तो मोडीतच काढला असता.

तेव्हा तरुणांनी जोडीचे वाद खुशाल घालावेत. त्यात निरीक्षण आहे, तर्क आहे, प्रतिपक्षाचे गुण मान्य करण्याचा प्रांजळपणाही आहे. फक्त वादाच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या पक्षाची एक तरी तोड सांगावी, एवढी अट असावी. जोड दुसरा कोणी लावून देतो. तोड मात्र ज्याची त्यालाच शोधावी लागते.