चार वाजून सहा मिनिटे

१२ एप्रिल १९४४
युद्धाचं पाचवं वर्ष. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला ‘फोर्ट स्टिकीन’ लागलं. सात हजार टनांचं, कॅनडात बांधलेलं हे मालवाहू जहाज फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं होतं. पोटात पाणतीर, सुरुंग, तोफगोळे असा सुमारे १३९५ टन दारूगोळा, स्पिटफायर विमानं आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा. प्रत्येक वीट साडेबारा किलोंहून जड.

वाटेत कराचीला थोडा माल उतरला आणि रिकाम्या जागेत नवा माल कोंबला गेला: कापसाच्या ८७०० गाठी, वंगणतेलाची पिंपं, भंगार, मासळीचं खत. दुसऱ्या खणात खाली कापूस आला आणि त्याच्या वर स्फोटकं. ही मांडणी शहाणपणाची नव्हती हे सांगायला रसायनशास्त्र यावं लागत नाही. पण जहाजं बुडत होती आणि माल पडून होता. अशा दिवसांत जागा मोकळी ठेवणं कुणालाच परवडत नव्हतं.

१४ एप्रिल, शुक्रवार, दुपारी साडेबाराच्या सुमारास
दोन दिवस उलटले तरी स्फोटकं जहाजावरच होती. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही डोलकाठीवर नव्हता. आजूबाजूच्या जहाजांवरच्या काहींना फोर्ट स्टिकीनच्या हवाझरोक्यातून धुराची बारीक रेघ दिसली. कामगार जेवायला गेलेले. ज्यांनी धूर पाहिला, त्यांना वाटलं, जहाजावरच्यांना ठाऊक असेलच.

पावणेदोन ते सव्वादोन
जेवून परतलेल्या गोदी कामगारांनी दुसऱ्या खणातला धूर पाहिला आणि आरडाओरड झाली. धक्क्यावरच्या बंबवाल्यांनी नळ्या सोडल्या. मोठी कुमक मागवण्याचा निरोप पाठवायचा, तर टेलिफोन धड चालेना. मग भिंतीवरच्या आगीच्या घंटेची काच फोडली गेली. पण ती घंटा ‘आग आहे’ एवढंच सांगू शकत होती. कुठल्या जहाजाला लागली, आत काय आहे, हे तिला सांगता येत नव्हतं. त्यामुळे आधी मोजकेच पंप आले, बाकीचे मागाहून.

अडीच ते साडेतीन
हा तास समजून घेण्याजोगा आहे. कापसाची गाठ म्हणजे यंत्राने करकचून आवळलेला कापूस. वरून ओतलेलं पाणी तिच्या गाभ्यापर्यंत सहज झिरपत नाही आणि तंतूंमध्ये अडकलेली हवा आतला विस्तव जिवंत ठेवते. ज्वाळा नाहीत, नुसतं धुमसणं. दाट धुरामुळे आग नेमकी कुठे आहे तेही कळत नव्हतं, म्हणून पाणी अंदाजाने ओतलं जात होतं. जवळजवळ ९०० टन! खणात पाणी चढू लागलं तशा गाठी तरंगून वर येऊ लागल्या आणि वर तर स्फोटकं होती. जे पाणी आग विझवायला ओतलं, त्यानेच तिला वरच्या मजल्यावर पोचवलं.

जहाजाच्या बाजूच्या पत्र्यावरचा रंग एके ठिकाणी फुगे येऊन उकळू लागला. आगीचं घर तिथे होतं. गॅसने पत्रा कापून आत पाणी मारायचा प्रयत्न झाला, तोही फसला. खणातलं पाणी उकळत होतं.

धक्क्यावर एव्हाना बरेच अधिकारी जमले होते. दारूगोळ्याच्या जाणकार लष्करी अधिकाऱ्याने अख्खी गोदी उडेल असं बजावलं. जहाज जागीच बुडवा, असं एक मत पडलं. पण गोदीत पाणी उथळ, सगळा माल बुडालाच नसता. दुसऱ्याचं म्हणणं, ओढून समुद्रात न्या. तिसरं, विझवत राहा. गोदीचा अधिकारी, लष्कराचा अधिकारी, अग्निशमन दलाचा प्रमुख आणि कप्तान, प्रत्येकाचा अधिकार आपापल्या कुंपणापुरता. सगळ्यांना एकच हुकूम देऊ शकेल असा माणूस तिथे नव्हता. माझ्या मते मुंबईचं नशीब कापसाइतकंच या गोष्टीने ठरवलं. निर्णय झाला नाही म्हणून जे चालू होतं तेच चालू राहिलं, आणि बंबवाले तापलेल्या डेकवर उभे राहिले.

तीन पन्नास
खणाच्या तोंडातून ज्वाळा उसळल्या. कप्तान अलेक्झांडर नायस्मिथ यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. जवळच्या ‘बेलरे’ जहाजावर पूर्वी लंडनमध्ये आगी विझवलेला एक खलाशी होता. ज्वाळांचा रंग बदलून पिवळट-तपकिरी झालेला पाहताच तो डेकवर पालथा पडला. स्फोटकं पेटल्याचं त्याने ओळखलं होतं.

चार वाजून सहा मिनिटे
फोर्ट स्टिकीनचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. ‘जलपद्म’ नावाचं सुमारे चार हजार टनांचं जहाज पाण्याच्या लाटेने उचललं आणि त्याची मागची बाजू धक्क्यावरच्या शेडच्या छपरावर टेकली. नायस्मिथ गेले. ज्यांच्या हातात नळ्या होत्या त्यांच्यातले बहुतेक गेले. अग्निशमन दलाचे एकूण ६६ जवान त्या दिवशी मरण पावले. पेटत्या गाठी आकाशातून मांडवी, मशीद बंदरच्या गोदामांवर आणि झोपड्यांवर पडल्या. जपान्यांनी बाँब टाकला, असंच शहरात पुष्कळांना वाटलं.

साडेचारच्या आसपास
पहिला स्फोट दुसऱ्या खणाचा. चौथ्या खणातला साठा त्याहून मोठा होता आणि तो अजून शाबूत होता. अर्ध्या तासाने तोही उडाला, तेव्हा मदतीला धावून आलेली माणसं गोदीत होती.

पुढे
आग आटोक्यात यायला सुमारे तीन दिवस लागले. धान्याची कोठारं जळाली, हजारो लोक बेघर झाले. मृतांचे अंदाज ८०० पासून १३०० पर्यंत जातात. गोदी आणि अग्निशमन सेवेतले २३१ त्यांत धरलेले आहेत. सरकारने बातमीवर सेन्सॉर बसवला. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी ती सविस्तर सांगितली. चौकशी आयोगाने आगीचं मूळ कापसात असल्याचं म्हटलं. कुणीतरी बेफिकिरीने टाकलेली विडी-सिगारेट हे बहुधा कारण. आठ हजार माणसं सात महिने ढिगारे उपसत होती. सोन्याच्या काही विटा उडून दूरच्या घरांत पडल्या होत्या, काही गाळात रुतल्या. त्या पुढे कित्येक वर्षं गाळ काढताना सापडत राहिल्या, आणि २०११ सालीही त्याच गाळातून जिवंत स्फोटकं निघाली.