पत्र, सूची आणि अंगठा : खासगीपणाच्या कल्पनेचा वाङ्मयीन पूर्वेतिहास

महाजालावर वावरणाऱ्या माणसाची माहिती गोळा करून तिच्यावर नफा मिळविणाऱ्या कंपन्यांचा प्रश्न सामान्यतः तंत्रज्ञानाचा किंवा कायद्याचा प्रश्न म्हणून मांडला जातो. प्रस्तुत निबंधात त्याकडे वाङ्मयव्यवहाराच्या इतिहासातून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचे कारण असे की, खासगीपणाचा आधुनिक कायदा ज्या मुळांतून वाढला, ती मुळे पत्रे, अप्रकाशित हस्तलिखिते आणि त्यांच्या सूची यांच्या वादांत आहेत.

आरंभ शब्दापासून करणे उचित ठरेल. मराठीतील ‘खासगी’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो प्रथमतः एका हिशेबी विभागाचे नाव म्हणून रूढ झाला. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ म्हणजे राज्याचा महसूल आणि ‘खासगी’ म्हणजे राजघराण्यातील स्त्रियांच्या ताब्यातील स्वतंत्र उत्पन्न, असा भेद होता. पुण्यातील ‘खासगीवाले’ हे आडनाव त्या व्यवस्थेची आठवण जपून आहे. म्हणजे आपल्या भाषेत ‘खासगी’ची पहिली अर्थच्छटा मालमत्तेची आहे. मनातले बोलण्यासाठी मराठीने ‘हितगुज’ हा निराळा शब्द ठेवला आणि एकटेपणासाठी ‘एकांत’. इंग्रजी ‘प्रायव्हसी’त या तिन्ही छटा एकवटल्या आहेत. मराठी अनुवादक ‘गोपनीयता’ लिहितो तेव्हा त्यात लपविण्याचा भाव शिरतो, आणि हिंदीतील ‘निजता’ने साधलेला स्वत्वाचा अर्थ निसटतो. हा केवळ पारिभाषिक भेद नाही. खासगीपण ही विकता येण्याजोगी वस्तू आहे की माणसाच्या व्यक्तित्वाचा भाग आहे, हाच आजच्या वादाचा गाभा आहे.

इंग्लंडमध्ये हा वाद प्रथम पत्रांवरून झाला. प्रकाशक एडमंड कर्ल याने अलेक्झांडर पोप आणि जोनाथन स्विफ्ट यांचा पत्रव्यवहार छापला. पोप न्यायालयात गेला. १७४१ साली लॉर्ड हार्डविक यांनी दिलेल्या निर्णयात पत्राचे दोन भाग केले गेले : कागद ज्याला पत्र आले त्याचा, शब्द मात्र लिहिणाऱ्याचे. पोपला संरक्षण मिळाले ते त्याने स्वतः लिहिलेल्या पत्रांपुरते. त्याला आलेल्या पत्रांवर तो हक्क सांगू शकला नाही. खासगीपण येथे लेखकत्वाच्या आश्रयाने उभे आहे.

दुसरा टप्पा १८४९ चा. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स आल्बर्ट यांनी घरगुती हौसेखातर केलेल्या कोरीव चित्रांचे ठसे बाहेर फुटले, आणि स्ट्रेंज नावाच्या प्रकाशकाने त्यांची वर्णनात्मक सूची छापण्याचा बेत केला. न्यायालयाने केवळ चित्रांच्या प्रदर्शनाला नव्हे, तर या सूचीलाही मनाई केली. मूळ कृती न दाखवता तिचे वर्णन दिले, तरी खासगीपणाचा भंग होतो, हे तत्त्व येथे मान्य झाले. ‘मेटाडेटा’ या नावाने आज जे ओळखले जाते, म्हणजे कोणी, कोणाला, केव्हा, कोठून, किती वेळ, ती एका अर्थी माणसाच्या आयुष्याची सूचीच आहे. ‘आम्ही मजकूर वाचत नाही’ असे सांगणाऱ्या कंपनीला १८४९ चा हा निर्णय अडचणीचा ठरावा.

हे दोन्ही धागे सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी १८९० च्या डिसेंबरमध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’तील प्रसिद्ध लेखात एकत्र विणले. क्षणात टिपले जाणारे छायाचित्र आणि चव्हाट्यावरच्या गोष्टी छापणारी वृत्तपत्रे ही त्यांची चिंता होती. पत्रे आणि हस्तलिखितांचे निवाडे तपासून त्यांनी निष्कर्ष काढला की, या संरक्षणामागचे खरे तत्त्व मालमत्तेचे नसून व्यक्तित्वाच्या अभंगत्वाचे आहे. लेखकाच्या हक्कातून ही कल्पना निघाली खरी; पण लेखक नसलेल्या माणसापर्यंत ती त्यांनी पोहोचवली.

यानंतर शंभर वर्षांनी माणसाचा माग कागदाविना उरू लागला. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँतुली यांनी ‘कुकी’ची योजना केली. संकेतस्थळाला ग्राहकाची ओळख लक्षात राहावी, एवढाच तिचा मूळ हेतू होता. लवकरच जाहिरात कंपन्यांनी तिचा उपयोग एका स्थळावरून दुसऱ्या स्थळावर जाणाऱ्या वाचकाचा पाठलाग करण्यासाठी केला. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू केली, तेव्हा पत्रातील मजकूर यंत्राकरवी वाचून शेजारी जाहिराती लावल्या जात. जाहिरातींसाठीचे हे वाचन थांबविण्याची घोषणा २०१७ साली झाली. हार्डविक यांच्या विभागणीत पत्र लिहिणारा होता, घेणारा होता. वाचून कमाई करणारा टपालवाला मात्र नव्हता. या नव्या पेढीचा आकार लक्षात घ्यावा : २०२३ साली गूगलच्या मूळ कंपनीच्या सुमारे ३०७ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी सुमारे २३८ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले.

एक उदाहरण वाङ्मयाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल कंपनीने संशोधकांसाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतील सुमारे दोन कोटी शोधप्रश्न खुले केले. नावांच्या जागी आकडे घातले होते. तरीही काही दिवसांतच वार्ताहरांनी केवळ प्रश्नांची मालिका वाचून एका आकड्यामागची व्यक्ती शोधून काढली. आजार, गाव, आडनाव, पाळीव प्राणी अशा तुटक नोंदींतून चरित्र उभे राहिले. हे वाचन आपल्या परिचयाचेच आहे. निनावी हस्तलिखिताचा कर्ता आपण असाच ठरवितो. फरक इतकाच की, येथे कर्त्याने काही रचलेच नव्हते. त्याने प्रश्न विचारले होते. म्हणून लेखकत्वाचा जुना आधार येथे तोकडा पडतो. मागे राहिलेल्या खुणांचा लेखक कोणीच नसतो. त्यांचे ‘वाचन’ करून भाकिते विकणारा मात्र असतो. शोशाना झुबॉफ यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेला ‘पाळत-भांडवलशाही’ म्हणता येईल असे नाव दिले, ते याच अर्थाने.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. संदर्भ आधारचा, म्हणजे शासनाचा होता, तरी न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या निकालपत्रात कंपन्यांच्या माहितीसंग्रहाचाही परामर्श घेतला. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या धोरणात ‘मान्य करा अथवा सोडा’ एवढेच पर्याय ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे, आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला आहे. मराठी त्यात आलीच.

येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रसंग आठवणे अप्रस्तुत होणार नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. वाचता न येणाऱ्या कागदावर उठविलेला अंगठा कायद्याच्या दृष्टीने संमतीच होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने मग गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली दस्तऐवज लिहिण्याची तरतूद केली. कागद आणि अंगठा यांच्यामध्ये समजावून सांगणारा कोणी असावा, ही त्यामागची जाणीव होती.

आजचा अंगठा काचेवर उठतो. समोरचा मसुदा मराठीत आला, तरी तो इंग्रजी कलमांचे शब्दशः रूपांतर असेल, तर वाचणाऱ्याची स्थिती सुप्याच्या शेतकऱ्याहून फारशी वेगळी राहणार नाही. ‘खासगी’, ‘गोपनीय’, ‘निज’ यांपैकी कोणता शब्द त्या मसुद्यात बसतो, यावर वाचक काय देऊन बसला हे त्याला कळणे अवलंबून आहे. बावीस भाषांतील या संमतिपत्रांचा तौलनिक अभ्यास व्हावयास हवा. तो केवळ विधिज्ञांवर सोपवून भागणार नाही, कारण हा प्रश्न मुळात आपल्याच विषयातून निघाला आहे.