तळटीप : ‘फोर्ट स्टिकीन’

१. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यातील कैदेत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभीच्या टिपणावर १३ एप्रिल १९४४ ही तारीख घातली. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत हे जहाज फुटले. मजकुरातील ‘गोदीचा स्फोट’ तो हाच. ७,१४२ टनी ‘फोर्ट स्टिकीन’ हे युद्धकाळातील मालवाहतुकीसाठी १९४२ मध्ये कॅनडातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले. सेवा जेमतेम दोन वर्षांची. शेवटच्या फेरीत ते फेब्रुवारी १९४४ मध्ये बर्कनहेडहून निघाले आणि कराची करून १२ एप्रिलला मुंबईत लागले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, सोन्याच्या लगडी होत्या आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दारूगोळ्याच्या शेजारी कापूस भरणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होता. दोन नंबरच्या होल्डमधून दुपारी धूर येऊ लागला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पळून जाण्याऐवजी पाण्याचे पाइप धरून उभे राहिलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे. उडालेल्या लगडींपैकी काही पुढे कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ काढताना सापडल्या.